टर्की पॉइंटचे खारट पाणी जमिनीखाली कुठे जाते?

सांडपाणी जमिनीत खोलवर सोडण्याचा विषय निघाला की दोन टोकांची मते ऐकू येतात. खोल गाडले म्हणजे कायमचे संपले, असे काही जण म्हणतात. इतरांना ते आज ना उद्या विहिरीत उतरणारच याची खात्री असते. सोडलेले पाणी तिथल्या मूळ पाण्यापेक्षा हलके आहे की वजनदार, हे मात्र दोघेही विचारत नाहीत.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, मायामीच्या दक्षिणेला सुमारे 40 किलोमीटरवर टर्की पॉइंट हे वीज केंद्र आहे. तिथल्या दोन अणुभट्ट्या 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहेत. कंडेन्सरमधून येणारे गरम पाणी निवावे म्हणून सुमारे 270 किलोमीटर लांबीचे कालवे खणलेले आहेत. त्यांतून पाणी फिरत राहते, वाफ उडून जाते आणि मीठ मागे उरते. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. या कालव्यांत ते प्रमाण 60 ग्रॅमच्याही वर गेलेले आहे. कालव्यांना अस्तर नाही आणि त्यांच्याखाली सच्छिद्र चुनखडीचा बिस्केन जलधर आहे, ज्याच्यावर मायामी परिसराचे पिण्याचे पाणी अवलंबून आहे. खारट पाणी त्यात झिरपले, तळाशी बसले आणि पश्चिमेकडे सरकले. ते कालव्यांतलेच आहे, हे त्यातील ट्रिटियममुळे (अणुभट्टीत तयार होणाऱ्या किरणोत्सारी हायड्रोजनमुळे) ओळखता आले. 2018 पासून ते विहिरींनी उपसून सुमारे 900 मीटर खोलीवरच्या ‘बोल्डर झोन’ या थरात सोडले जाते. हा थर पोकळ्यांनी भरलेल्या चुनखडी व डोलोमाइटचा असून त्यात समुद्राइतकेच खारट पाणी आहे.

आता घनतेचा हिशेब पाहू. गोड्या पाण्याचे एका घनमीटरचे वजन 1000 किलो, तर समुद्राच्या पाण्याचे सुमारे 1025 किलो भरते. फरक किरकोळ वाटतो, पण 900 मीटर उंचीच्या स्तंभात तो सुमारे 2.2 वातावरणांइतका दाब होतो. गोडे पाणी खाली ढकलायचे तर एवढा जादा दाब द्यावा लागतो, आणि उतरल्यावरही ते वरणावरच्या तुपासारखे थराच्या छताशी जमून, भेग सापडेल तिथून वर चढू पाहते. मायामी-डेड काउंटीचे प्रक्रिया केलेले नागरी सांडपाणी याच थरात जाते, आणि त्याच्या खुणा निरीक्षण विहिरींना वरच्या थरांत सापडलेल्या आहेत. कालव्यांतल्या पाण्याचे गणित उलटे आहे: क्षारांच्या प्रत्येक जादा ग्रॅममागे घनमीटरचे वजन सुमारे पाऊण किलोने वाढते, म्हणजे 25 ग्रॅमला जवळपास 19 किलो. पाणी वीस अंशांनी अधिक उष्ण असले, तरी त्यामुळे पाच-सहा किलोच घटतात. त्यामुळे समुद्रापेक्षा ठळकपणे खारट असलेले पाणी तळाकडेच झुकते. मात्र ते मूळ पाण्यात मिसळत जाते तसतसा हा फायदा ओसरतो, आणि केसिंगभोवतीचे, म्हणजे विहिरीत बसवलेल्या नळीभोवतीचे, सिमेंट कच्चे राहिले तर पंपाच्या दाबाला घनता अडवू शकत नाही.

हातावर नारळ उभा करून भूगर्भातली ‘नदी’ दाखवणारे पाणाडे आपल्याकडे आहेतच. कोणत्याही वीज केंद्राला सांडपाण्यासाठी एक खोल बोअर पुरेल, असे मानणारे उत्साही तज्ज्ञ त्यांच्याहून फार वेगळे नाहीत. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत असते. तिथे बोल्डर झोन नाही.

टर्की पॉइंटलाही केवळ या विहिरीने भागत नाही. कालवे उघडेच असल्याने क्षार साचतच राहतात, म्हणून ते सौम्य करण्यासाठी बिस्केनखालच्या फ्लोरिडन जलधरातून कमी खारट पाणी वर काढून कालव्यांत ओतले जाते.