जुन्या मोटारसायकलचं आणि तिच्या इंजिनचं रिपेंट

रिपेंट म्हणजे गाडी पूर्ण खोलून, जुना रंग आणि गंज काढून, अगदी उघड्या धातूपासून परत प्रायमर (धातूला धरणारा पहिला थर), सरफेसर (घासून सपाट करायचा जाड थर), रंग आणि लॅकर (वरचा पारदर्शक चकाकीचा थर) चढवणं. पॉलिश पेपरने वरवर घासून एक हात मारला तर तो टचअप, रिपेंट नाही, आणि "रिपेंट केलं होतं पण वर्षातच पापुद्रे निघाले" अशी तक्रार ऐकू येते तेव्हा दहापैकी नऊ वेळा टचअपच केलेलं असतं. आपल्याकडे हे काम जास्त करून ठरावीक गाड्यांवर होतं: १९५५ पासून मद्रासला बनत आलेली बुलेट, म्हैसूरची जावा आणि १९७३ नंतर त्याच कारखान्यातून १९९६ पर्यंत निघालेली येझदी, शिवाय १९८५ ते १९९६ या काळातली यामाहाची आरएक्स १००. या गाड्यांच्या टाक्या, मडगार्ड सगळं पत्र्याचं, प्लॅस्टिक अगदी कमी, त्यामुळे पत्रा सडला नसेल तर रंग कितीही वेळा नव्याने चढवता येतो.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो रंग मारायच्या आधीच्या कामात, आणि नेमकं तेच काम कोणाला दिसत नाही म्हणून तिथेच चोरी होते. साध्या गॅरेजमध्ये इंजिन आणि चेसिस डिझेल नाहीतर रॉकेलने धुतात. मळ निघतो, पण मागे तेलकट पातळ थर राहतो आणि त्यावर रंग मारला की बारीक बारीक डोळे पडतात, म्हणजे रंग त्या जागेवरून सरकून गोल खड्डा करतो. म्हणून डिझेलनंतर साबणाचं गरम पाणी, मग साधं पाणी, आणि सुकल्यावर थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसणं, तेही फडकं बदलत बदलत, नाहीतर एकीकडचं तेल दुसरीकडे लागतं. धातू खरंच साफ झालाय का हे बघायची फुकटातली युक्ती म्हणजे वरून पाणी सोडायचं. पाणी चादरीसारखं सलग पसरलं तर साफ, मध्येच फाटून थेंब थेंब झालं तर तिथे अजून तेल आहे, परत धुवा. गाडी चकचकीत करायला जे सिलिकॉनचं पॉलिश मारतात ते तर महाबेकार, रंगाच्या खोलीत तो डबा उघडासुद्धा ठेवू नये.

रंग उतरवायला रिमूव्हर वापरतात, जुने लोक कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या पाण्यात पार्ट बुडवायचे. लोखंडाच्या पत्र्याला ते चालतं. पण तेच पाणी ॲल्युमिनियमला लागलं की फेस येतो, हायड्रोजन सुटतो आणि वरचा धातूच खाल्ला जातो, काळा पडलेला खडबडीत पार्ट हातात येतो. बुलेटची कव्हरं चुकून मडगार्डांबरोबर त्याच ड्रममध्ये टाकणारे महाभाग आहेत. ब्लास्टिंगचंही, म्हणजे दाबाच्या हवेने वाळू किंवा काचेचे मणी मारून रंग-गंज काढण्याचंही, तसंच बघून करावं लागतं, चेसिसला आणि स्टँडला उत्तम, पण टाकीच्या पातळ पत्र्यावर जोरात मारलं तर पत्रा ताणला जातो आणि लाटा पडतात, त्या मग पुट्टी भरून लपवाव्या लागतात. टाकीला डेंट असेल आणि गॅस लावून काढायचा असेल तर आधी ती पाण्याने भरून, धुऊन पेट्रोलची वाफ पूर्ण घालवायला हवी, रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते.

उघडा पत्रा पडून राहू द्यायचा नाही. मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत सकाळी ब्लास्ट केलेल्या पार्टवर संध्याकाळी पिवळसर झाक दिसते, तो गंजच असतो, आणि प्रायमरखाली तो वाढत राहतो. त्यामुळे ज्या दिवशी धातू उघडा केला त्याच दिवशी प्रायमर. लोखंडाला टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा दोन भागांचा, इपॉक्सी प्रायमर सगळ्यात भरवशाचा. पुट्टी, म्हणजे पॉलिएस्टरची दोन भाग मिसळायची पेस्ट, ती खोल खड्ड्यांपुरतीच आणि पातळ. ८० नंबरच्या पेपरने सुरुवात, मग १८०, ३२०, त्यावर सरफेसर आणि तो ४०० ते ६०० च्या वॉटर पेपरने, साबणाचं पाणी घेऊन, लाकडाच्या नाहीतर रबराच्या ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासायचा. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या खाचा उमटतात, त्या मॅट असताना दिसत नाहीत, लॅकर मारल्यावर उन्हात दिसतात. चांगले पेंटर सरफेसरवर काळ्या रंगाचा हलका फवारा उडवतात आणि मग घासतात, जिथे काळे ठिपके राहतील तिथे खड्डा आहे हे कळतं. हे करणारा पेंटर सापडला तर त्याला सोडू नका.

आता रंग कुठला. फर्निचरवाल्यांकडे आणि गॅरेजमध्ये अजूनही "ड्युको" हा शब्द चालतो, तो मुळात अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीने १९२३ मध्ये आणलेल्या नायट्रोसेल्युलोज रंगाचा ब्रँड होता, आता आपल्याकडे कुठल्याही एनसी रंगाला म्हणतात. एनसी दहा मिनिटांत वाळतो, धूळ बसायला वेळच मिळत नाही, म्हणून गल्लीतल्या पेंटरला तो आवडतो. पण तो नुसता थिनर उडून वाळतो, आतून जुळत नाही, त्यामुळे थिनर लागला की परत विरघळतो आणि टाकीच्या झाकणापाशी पेट्रोल सांडून सांडून मऊ पडतो, आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्यामुळे हे आणखीच होतं. पावसाळ्यात थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि रंग दुधाळ पांढुरका होतो. याउलट टू-के पीयू (पॉलियुरेथेन) रंग हार्डनर घातल्यावर रासायनिक क्रियेने घट्ट होतो, पेट्रोलला दाद देत नाही आणि उन्हात फिका पडायलाही वेळ घेतो. टिकाऊ काम हवं असेल तर टाकी आणि मडगार्डांना हाच. फक्त त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फुप्फुसात गेलं तर दमा लागू शकतो, आणि तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. घराच्या गच्चीवर हा प्रयोग नको.

जावाच्या टाकीच्या बाजूला क्रोमचे पट्टे असतात, त्यावर रंग धरत नाही, ते मास्क करून राखायचे किंवा आधी क्रोम करून घ्यायचा. बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा कारखान्यात ब्रशने हाताने ओढतात, त्यामुळे स्टिकर लावून तो परिणाम कधीच येत नाही.

पावडर कोटिंग

चेसिस, स्टँड, फूटरेस्ट यांना हल्ली पावडर कोटिंग करून घेतात. कोरडी पावडर विजेच्या भाराने पार्टला चिकटते आणि साधारण २०० अंशांच्या भट्टीत वितळून ६० ते १०० मायक्रॉनचा सलग थर होतो. मार सोसतो, पण एकदा दगड लागून फुटला की खालून पाणी शिरतं आणि पापुद्र्यासारखा निघतो, शिवाय टचअप होत नाही. स्टिअरिंगच्या बेअरिंगची जागा, इंजिन माउंटिंगची भोकं, नटाचे आटे हे सगळं सिलिकॉनच्या बुचांनी बंद करायला सांगावं लागतं. अर्थिंगची जागा विसरली तर गाडी जोडल्यावर हॉर्न वाजत नाही, इंडिकेटर मंद, आणि वायरमन दिवसभर वायरिंग शोधत बसतो. आणखी एक, चेसिस नंबर. रीपासिंगला, म्हणजे आरटीओत गाडी परत तपासून घेताना, नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप काढतात, थर जाड झाला तर छाप उठत नाही. तेवढ्या जागेवर मास्किंग करून नंतर पातळ रंग मारावा. आणि रंगच बदलणार असाल तर आरसीवर रंग लिहिलेला असतो, आरटीओत नोंद बदलून घ्यावी लागते.

इंजिनचा रंग

इंजिनचा सगळ्यात मोठा गैरसमज असा की इंजिन तापतं म्हणजे त्याला ६०० अंशांचा हीटप्रूफ रंग पाहिजे. तो रंग सिलिकॉनचा, सायलेन्सरसाठी बनवलेला, आणि त्याला पक्का व्हायलाच दोनशेच्या आसपास अंश लागतात. सिलिंडरच्या फिन्स (हवेने गार होण्यासाठीच्या पातळ पात्या) तेवढ्या तापू शकतात, पण क्रँककेस, म्हणजे इंजिनचा खालचा डबा, ऐंशी-शंभरच्या घरातच राहते. मग तिथे तो रंग कधी पक्का होतच नाही, पेट्रोलचं फडकं फिरवलं की निघून येतो. मी स्वतः एकदा बाजारातला चंदेरी स्प्रे कॅन घेऊन अख्ख्या इंजिनवर मारला होता, हेडच्या बाजूला महिन्याभरात पिवळा पडला आणि खाली केसवर ऑइल गळून सुरकुतला, दोन्हीकडून फजिती. म्हणून केसला टू-के इपॉक्सी किंवा पीयू आणि सिलिंडर-हेडला उष्णतेचा रंग, तोही भट्टीत भाजून, हे वेगवेगळं करणं बरोबर. भट्टी नसेल तर इंजिन बसवल्यावर दहा मिनिटं चालू, पूर्ण गार, मग वीस मिनिटं, परत गार, असं करत करत पकवतात. स्वयंपाकघरातला ओव्हन कृपया नको.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा सिलिंडर बिडाचा, हेड आणि केस ॲल्युमिनियमचे. बिडाचा भाग गंजतो म्हणून त्याला रंग लागतोच. ॲल्युमिनियम उघडं केलं की हवेत लगेच ऑक्साइडचा थर धरतं आणि साध्या रंगाची पकड बसत नाही, त्याला आम्लाचा एच (etch) प्रायमर, म्हणजे धातू किंचित खाऊन पकड घेणारा, लागतो, तोही इतका पातळ की खालचा धातू दिसला पाहिजे. जाड मारला तर उलट तोच सुटतो. त्यावर थेट पॉलिएस्टर पुट्टी भरू नये, आम्लामुळे पुट्टी नीट घट्ट होत नाही. फिन्सच्या बाबतीत पातळ काळा रंग उष्णता बाहेर टाकायला मदतच करतो, पण चार-पाच कोट चढवले तर तोच गोधडी होतो.

इंजिन न खोलता रंगवत असाल तर आधी गळती थांबवा. ऑइल गळणाऱ्या गॅस्केटवर जगातला कुठलाही रंग टिकत नाही, आणि बुलेटवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. खोललं असेल तर प्लगच्या भोकात जुना प्लग, इनटेक आणि एक्झॉस्टला रबरी बूच, गॅस्केटच्या कडांवर टेप, ब्रीदरचं (इंजिनची आतली हवा बाहेर सोडणारं) भोक बंद. चिंधी कोंबून ठेवली तर ती काढायची लक्षात ठेवा. केस ब्लास्ट केली असेल तर काचेचे मणी ऑइलच्या वाटांमध्ये जाऊन बसतात, दिसत नाहीत, आणि पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये बेअरिंग खातात, त्यामुळे प्रत्येक भोकात दाबाने हवा आणि गरम पाणी, दोनदा-तीनदा. मूळ पॉलिश असलेली कव्हरं मात्र रंगवू नयेत असं माझं मत, जावाचं चकाकणारं ॲल्युमिनियम चंदेरी रंगाखाली लपवण्यात काय मजा आहे.

ऋतू आणि नंतरची काळजी

सगळ्यांना गाडी दसऱ्याला पूजेसाठी तयार हवी असते, म्हणजे रंगकाम भाद्रपदातल्या ओल्या हवेत, घाईत, दोन कोटांमध्ये वेळ न देता. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतची कोरडी हवा याला सगळ्यात चांगली, फक्त जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवून घ्यावी. ओघळ किंवा दाणा राहिलाच तर लॅकर आठवडाभर सुकल्यावर १५०० आणि २००० नंबरच्या पेपरने घासून कंपाउंड (चकाकी आणणारी घासायची पेस्ट) मारला की निघतो. वॅक्स मात्र महिनाभर नको, आतला थिनर बाहेर पडायला जागा हवी. ब्रेक फ्लुइड सांडलं तर घासून पुसायचं नाही, लगेच भरपूर पाणी ओतायचं, कारण ते पुसताना रंगही बरोबर येतो. आणि नव्या टाकीवर ओल्या हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढायचा आईचा आग्रह असेल तर तिला नंबरप्लेट दाखवा, कोवळ्या लॅकरमध्ये तो पिवळा डाग शिरला की पुढच्या रिपेंटपर्यंत तिथेच राहतो.