घानातलं ‘ह्वेंतिया’ अत्तरासाठी मागवायचंय? पात्रता, परवाने आणि कागदपत्रं

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या जंगलांत सीताफळाच्या कुळातलं एक उंच झाड वाढतं, झायलोपिया एथिओपिका. त्याच्या सुक्या फळाला घानात ह्वेंतिया म्हणतात, नायजेरियातले इग्बो लोक उदा म्हणतात. सेनेगलमध्ये तेच ‘जार’, आणि तिथल्या काफे तूबा या कॉफीला तिखटसर चव येते ती याचीच. आपला हिरवा चाफा आणि परफ्यूममधलं इलांग-इलांगही याच कुळातलं.

फळ म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी, काळपट, गाठीगाठींची शेंग. मोडून नाकाशी धरली की आधी मिरीचा झणका, मग लाकडाचा वास, आणि धुरावर वाळवलेली असेल तर धूरही. सुगंध मुख्यतः सालीत असतो, बी कडवट असते. त्यामुळे नमुना निवडताना शेंगा अखंड आहेत ना, बुरशी किंवा किडीची भोकं नाहीत ना, हे आधी बघा. पुढच्या तपासणीतही नेमकं हेच पाहिलं जातं.

अर्ज भरण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा: सुकं फळ आणणार की त्याचं तेल, आणि वापर अत्तरासाठी की खाण्यासाठी. सगळे परवाने यावरून ठरतात. बहुतेकांची गाडी अडते ती इथेच, कारण विक्रेत्याच्या बिलावर नुसतं ‘मसाला’ लिहिलेलं असतं आणि अर्जात ‘सुगंधी कच्चा माल’.

आयात कोण करू शकतं? व्यक्ती (स्वतःच्या नावाची प्रोप्रायटरशिप), भागीदारी, एलएलपी, कंपनी, नोंदणीकृत संस्था, कुणीही. अट एकच, आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड हवा. तो डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर ऑनलाइन मिळतो, शुल्क ५०० रुपये. पॅन, पत्त्याचा पुरावा आणि रद्द केलेला चेक (किंवा बँकेचं प्रमाणपत्र) लागतो. सही आधारने किंवा डिजिटल सहीने होते. एका पॅनवर एकच कोड. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती ऑनलाइन अद्ययावत करावी लागते. काही बदल नसला तरी ‘बदल नाही’ असं कळवायचंच, नाहीतर कोड निष्क्रिय होतो. शिवाय बँकेकडून एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक) घेऊन तो कस्टम्सच्या आइसगेट या संकेतस्थळावर नोंदवून ठेवा.

प्लांट क्वारंटाइन, म्हणजे बाहेरून येणाऱ्या वनस्पतींबरोबर कीड-रोग येऊ नयेत म्हणूनची तपासणी. सुकं फळ हा वनस्पतिजन्य माल असल्याने त्याला २००३ चा प्लांट क्वारंटाइन आदेश लागू होतो. या आदेशाच्या परिशिष्टांत कोणती वनस्पती, कोणत्या देशातून, कोणत्या अटींवर येऊ शकते याच्या याद्या आहेत. शोध शास्त्रीय नावाने घ्या. व्यापारी नावाने घेतलात तर चुकीच्या नोंदीवर जाल, कारण ‘आफ्रिकन मिरी’ म्हणून तीन-चार वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. वनस्पती यादीत नसेल तर आधी कीड-धोका विश्लेषण व्हावं लागतं आणि त्याला बराच वेळ जातो. माझं स्पष्ट मत आहे की हे तपासून होईपर्यंत विक्रेत्याला आगाऊ रक्कम देऊ नये.

यादीत असेल आणि आयात परवाना लागत असेल, तर तो माल जहाजावर चढण्याआधी हातात हवा. घानाच्या कृषी खात्याच्या वनस्पती संरक्षण विभागाकडून फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला) विक्रेत्याने घ्यायचं असतं; भारताने मागितलेलं जास्तीचं निवेदन किंवा धुरीची (कीडनाशक वायूच्या प्रक्रियेची) नोंद त्यातच यायला हवी. लाकडी खोकी असतील तर त्यांवर उष्णता-प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का बघा. कुरिअरने येणारा पावशेर नमुनाही या नियमांतून आपोआप सुटत नाही.

न्हावा शेवाला माल आल्यावर कस्टम ब्रोकर बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्सकडचं आयातीचं घोषणापत्र) भरतो. सोबत इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), उगमाचं प्रमाणपत्र, मूळ फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट आणि परवाना. कस्टम्सच्या मालवर्गीकरणातलं शीर्षक १२११ हे मुख्यतः सुगंधी द्रव्यं व औषधांसाठी वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींसाठी आहे. मसाला म्हणून आणलात तर त्यातल्या प्रकरण ९ कडे, म्हणजे मसाल्यांकडे, जाल. वर्गीकरणावर शेवटचा शब्द कस्टम्सचा, म्हणून वापराचा उल्लेख सगळ्या कागदांवर एकसारखा ठेवा. क्वारंटाइन अधिकारी पोती उघडून नमुना घेतात. जिवंत कीड सापडली तर धुरी देतात. ते पुरेसं नसेल तर माल परत पाठवतात किंवा नष्ट करतात, आणि तो खर्च आयातदाराच्या माथी.

खाण्यासाठी आणायचं असेल तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा केंद्रीय आयात परवाना लागतो, आणि पदार्थ त्यांच्या मानकांत नसेल तर वेगळी पूर्वमंजुरीही. लहान अत्तरवाल्याने या फंदात न पडलेलं बरं.

तेल आणणं तुलनेने सोपं. ते शीर्षक ३३०१ मध्ये येतं. विक्रेत्याकडून विश्लेषण अहवाल आणि सुरक्षितता पत्रक घ्या; ज्वलनशील द्रव म्हणून वाहतूक कंपनीही ते मागते. पण सुकं फळ आणून इथे ऊर्ध्वपातन केलं तर धुराची छटा किती ठेवायची हे तुमच्या हातात राहतं. ज्यांना याच वासासाठी हे फळ हवंय, त्यांनी जास्तीच्या कागदांचा त्रास जरूर घ्यावा.

नव्या उत्पादनासाठी फळावर संशोधन करणार असाल तर नागोया कराराचाही (जैविक संसाधनांच्या वापरातला लाभ मूळ देशाशी वाटून घेण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार) विचार करा. मूळ देशाची पूर्वसंमती आणि लाभवाटपाच्या अटी लागू होतात का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. हे फळ पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्या लोकांचा त्यावर हक्क आहे.

तयार अत्तर अंगाला लावण्यासाठी विकायचं तर ते सौंदर्यप्रसाधन ठरतं. त्यासाठी सौंदर्यप्रसाधने नियम २०२० नुसार राज्याच्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) सीओएस-५ या नमुन्यात अर्ज करायचा. जागेचा नकाशा, मालकी किंवा भाडेकरार, यंत्रांची यादी, तांत्रिक कर्मचाऱ्याची पात्रता आणि उत्पादनांची यादी जोडायची. परवाना सीओएस-८ या नमुन्यात मिळतो. स्वतःची जागा नसेल तर परवानाधारक कारखान्यात लोन लायसन्सवरही (दुसऱ्याच्या कारखान्यात आपलं उत्पादन करण्याचा परवाना) उत्पादन करून घेता येतं.