मालट्रकचालकाची अपघात-नोंद आणि अनोळखी घाट: १९१४ पासूनची पार्श्वभूमी

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ एका मालवाहू गाडीने उतारावरच्या सुमारे ४८ वाहनांना धडक दिली. पहिली बातमी नेहमीसारखी 'ब्रेक फेल'ची होती. तपासात पोलिसांनी सांगितलं की चालकाने उतारावर डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद ठेवलं होतं. साताऱ्याकडून येणारी गाडी कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडली की नवले पुलापर्यंत रस्ता उतरतच जातो, आणि जिथे वेग सगळ्यात जास्त चढलेला असतो तिथेच शहराची गर्दी सुरू होते. रोजच्या चालकाला हे पाठ असतं. पहिल्यांदा येणाऱ्याला मात्र रुंद, मोकळा रस्ता दिसतो. एवढ्या रुंद रस्त्यावर उतार डोळ्याला जाणवतच नाही.

त्या उतारावर आधीही अपघात झाले होते आणि प्रत्येकाची कागदोपत्री नोंद होती. तरी ती माहिती नव्या चालकापर्यंत पोचली नव्हती. याचं कारण त्या कागदांच्या इतिहासात आहे. आपल्याकडे अपघाताची नोंद सुरुवातीपासून शिक्षा आणि भरपाई या दोन कामांसाठी घडत गेली. पुढच्या चालकाला सावध करणं हे तिचं काम कधी ठरलंच नाही.

१९१४ च्या मोटार वाहन कायद्याने देशभर परवाना आला. १९३९ च्या कायद्याने परवाना, परमिट आणि विमा एका चौकटीत बसवले; त्यातली तृतीय पक्ष विम्याची सक्ती १ जुलै १९४६ पासून लागू झाली. १९५६ च्या दुरुस्तीने भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची सोय केली. तेव्हापासून एका अपघाताचे दोन कागदी प्रवास सुरू झाले: फौजदारी न्यायालयात 'चालक दोषी आहे का', आणि न्यायाधिकरणात 'विमा कंपनीने किती द्यायचे'. रस्त्याचा उतार किती होता, गाडी कितव्या गिअरमध्ये होती, चालक त्या वाटेवर पहिल्यांदा आला होता का, हे विचारण्याची गरज दोन्हीकडे क्वचितच पडे.

परवान्यावर शेरा मारायची तरतूद होती, आजही आहे. १९८८ च्या कायद्यात (तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला) कलम २४ प्रमाणे न्यायालयाच्या आदेशाने शेरा लिहिला जातो. तीन वर्षं नवा शेरा पडला नाही तर पाच रुपये भरून कोरा परवाना मिळण्याची सोयही पुढच्याच कलम २५ मध्ये ठेवली होती. सुधारलेल्या माणसाला संधी मिळावी हा हेतू चांगलाच होता. पण परवाने पुस्तकी होते, प्रत्येक आरटीओची वही वेगळी होती, आणि एका राज्यातला परवाना निलंबित झाला तरी दुसऱ्या राज्यातून नवा काढणं अवघड नव्हतं. एका माणसाने दोन परवाने बाळगू नयेत असं कलम ६ सांगतं. ते तपासायला देशपातळीवर एकच नोंदवही मात्र नव्हती. संगणकीय 'सारथी' प्रणालीने ही दरी बरीच भरली. राष्ट्रीय नोंदवहीचं कलम, २५अ, कायद्यात आलं ते २०१९ च्या दुरुस्तीने.

आज मालक नवा चालक ठेवताना परवाना क्रमांक आणि जन्मतारीख टाकून परिवहन संकेतस्थळावर परवाना पाहू शकतो. परवाना चालू आहे का, कोणत्या वर्गाचा आहे, मालवाहतुकीसाठी कधीपर्यंत वैध आहे, धोकादायक मालाची मुदत किती, एवढं तिथे कळतं. डोंगरी रस्त्यांच्या वैधतेचा रकानाही आहे. उत्तराखंडसारख्या राज्यात व्यावसायिक चालकाला डोंगरी रस्त्यासाठी वेगळी परवानगी लागते. बोरघाट किंवा कसारा उतरायला अशी काही मागणी होत नाही. चालकाच्या मागच्या अपघातांचा तपशील या पानावर नसतो. म्हणून मालक अजूनही जुन्या मालकाला फोन लावतो, आणि खरं उत्तर मिळेल की नाही हे ओळखीवर ठरतं.

'चालकाची चूक' हा रकाना

केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या २०१६ च्या अहवालात ८४ टक्के अपघात चालकाच्या चुकीमुळे झाल्याचं दिलं होतं. हा आकडा वर्षानुवर्षं भाषणांत फिरला. तो येतो कुठून हे पाहिलं की त्याचं वजन कळतं. अपघातानंतर ठाण्याचा अंमलदार एक कारण निवडतो. त्याच्यासमोर फिर्याद असते, पंचनामा असतो, आणि बहुतेक वेळा पळून गेलेला चालक. जमावाच्या मारापासून वाचायला चालक पळतो. पळाला म्हणजे दोषी, असं गृहीत धरलं जातं. रस्त्याच्या आखणीची चूक नोंदवायला मोजमाप लागतं, आणि त्यासाठी ठाण्यात ना माणूस असतो ना साधन.

घाटातल्या अपघातात हा घोळ आणखी वाढतो. चालक सांगतो 'ब्रेक लागले नाहीत'. मोटार वाहन निरीक्षक काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी गाडी तपासतो आणि लिहितो 'ब्रेक कार्यरत'. अशा वेळी चालक खोटं बोलला असं धरलं जातं. प्रत्यक्षात दोघंही खरं सांगत असू शकतात. सतत ब्रेक दाबून उतरलं की ड्रम, म्हणजे चाकासोबत फिरणारं लोखंडी कडं, तापून फुगतो आणि त्याला आतून घासून थांबवणाऱ्या लायनरपासून लांब जातो. लायनरची पकड उष्णतेने कमी होते. हवेच्या दाबाने ब्रेक ढकलणाऱ्या चेंबरचा दांडा पूर्ण बाहेर येऊनही जोर पोचत नाही. पायाखाली हवा आहे, पॅडल नीट दबतंय, आणि गाडी थांबत नाही. ड्रम थंड झाला की आकसतो आणि ब्रेक पुन्हा लागायला लागतात. थंड गाडी तपासून गरम ब्रेकचा निकाल दिला तर कागदावर उरते ती फक्त चालकाची चूक.

वाटेची माहिती कुणाकडे होती

बोरघाटातून गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. खोपोलीहून खंडाळ्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणारा धनगर अशी त्याची लोककथा आहे, आणि चालक आजही तिथे नाणं टाकून पुढे जातात. वाट ठाऊक असलेल्या माणसाचं मोल या व्यवसायाने पहिल्यापासून ओळखलं होतं.

परमिटची हद्द छोटी होती तोवर चालकाच्या वाटा ठरलेल्या असत. १९७५ मध्ये राष्ट्रीय परमिट आलं आणि एकच गाडी अनेक राज्यांत जाऊ लागली. त्या काळी रस्ता शिकायची शाळा म्हणजे क्लीनरची जागा. दोन-चार वर्षं शेजारी बसून पोरगा घाट, नाके, पाण्याची ठिकाणं, रात्री थांबायची सुरक्षित जागा शिकायचा आणि मग स्टिअरिंगवर बसायचा. राष्ट्रीय परमिटच्या गाडीवर दोन चालक असावेत असा नियमही होता. जकात नाक्यावर, सीमा तपासणी नाक्यावर रांगेत तासन्‌तास जायचे. तो वेळ वायाच जायचा, पण समोरून आलेल्या गाडीकडून पुढची खबर मिळायची.

ही साखळी गेल्या पंधरा-वीस वर्षांत तुटत गेली. भाड्यात परवडत नाही म्हणून क्लीनर कमी झाला. जीएसटी आल्यावर २०१७ पासून सीमेवरचे विक्रीकर नाके उठले. २०१८ मध्ये दोन चालकांची अटही काढण्यात आली. त्याच वर्षी जुलैत वजनाची मर्यादा वाढली: तीन ॲक्सलची गाडी २५ टनांवरून २८.५ वर, मोठे ट्रेलर ४९ वरून ५५ टनांवर. या प्रत्येक निर्णयामागे कारण होतं आणि नाके उठल्याचं चालकांनी स्वागतच केलं. पण एकत्र पाहिलं तर केबिनमध्ये एकटा माणूस, पाठीवर जास्त माल, आणि वाट सांगायला मोबाइल, अशी आजची स्थिती तयार झाली.

मोबाइलचा नकाशा मोटारगाडीच्या हिशेबाने वाट काढतो. त्याला गाडीची उंची माहीत नसते, वजनही नाही. साडेनऊ फुटी कंटेनर म्हणजे २.९ मीटर, ट्रेलरचा तळ दीड मीटरवर धरला तर एकूण ४.४ मीटर होतात. जुन्या रेल्वे पुलाखालून किंवा गावाबाहेरच्या लोखंडी कमानीखालून ही गाडी जाईलच असं नाही. पुण्याहून महाडला जाताना नकाशा वरंधा घाट सुचवू शकतो. तो पावसाळ्यात जड वाहनांना बंद केला जातो. अशा वाटेवर ट्रेलर घुसला की वळवायला जागा नसते, आणि रात्री ट्रेलर मागे घेणं हाच मोठा धोका होतो.

म्हणून नव्या वाटेवर निघण्याआधी त्या वाटेवरच्या चालकाला विचारायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. उतार नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो? उताराआधी गाडी बाजूला घ्यायला सपाट जागा कोणती? सगळ्यात कमी उंचीचा पूल किंवा कमान कुठे? शहरात जड वाहनांना बंदीची वेळ कोणती? उत्तरं कागदावर लिहून समोर लावावीत, ठळक खुणांसकट: बोगदा, टोलनाका, देऊळ, पेट्रोलपंप. घाटात मोबाइलची रेंज जाते, आणि वळणावर स्क्रीनकडे पाहणं परवडत नाही. शक्य असेल तर अनोळखी घाट पहिल्यांदा दिवसाउजेडी उतरावा. मालकाने पोचायची वेळ ठरवताना हे धरलंच पाहिजे. मोटारगाडीच्या वेळेवर ट्रेलरचा हिशेब लावणारा मालक चालकाला उतारावर ढकलत असतो.

रेल्वेने काय केलं, रस्त्याने काय केलं

बोरघाटात रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. सुटलेली गाडी अडवण्यासाठी रेल्वेने चढत्या उताराचे फाटे बांधले आणि उतरणाऱ्या गाड्यांना ब्रेक तपासायला सक्तीचे थांबे दिले. गाडी काबूत आहे हे सिद्ध झाल्यावरच पुढची वाट मिळते. रस्त्यावर हा विचार फार उशिरा आला. ९४.५ किलोमीटरचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. २०१६ मध्ये त्यावर १५१ जणांचा जीव गेला, आणि त्याच वर्षी सेव्ह लाइफ फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था, रस्ते विकास महामंडळ आणि पोलीस यांनी शून्य मृत्यू मार्गाचं काम हाती घेतलं. त्यात प्रत्येक अपघाताची जागेवर जाऊन तपासणी झाली, आणि मृत्यू पुढच्या काही वर्षांत उतरले. केंद्राने २०१५ मध्ये 'ब्लॅक स्पॉट'ची व्याख्या केली: राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे वा गंभीर जखमांचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. व्याख्या उपयोगी आहे, पण आठ किलोमीटरचा उतार तिच्यात तुकड्यातुकड्यांनी दिसतो. गाडी आदळते खाली. चूक वर, पहिल्या गिअर बदलापाशी झालेली असते.

उताराचं गणित साधं आहे. २८.५ टनांची गाडी १०० मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे २८ मेगाज्यूल ऊर्जा जिरवावी लागते, म्हणजे ८० लिटर गार पाणी उकळायला लागेल तेवढी. लोणावळा समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या वर आहे, खोपोली १०० च्या आत. पाचपट उष्णता फक्त ड्रमांवर टाकली तर ते टिकणार नाहीत. मोठा वाटा इंजिनाने घ्यायला हवा.

त्यासाठी उताराच्या आधी सपाटीवर थांबावं. हवेचा काटा पूर्ण वर असावा, बहुतेक गाड्यांत सात ते आठ बार. इंजिन बंद करून पॅडल मिनिटभर दाबून धरावं. काटा भराभर पडत असेल तर गळती आहे आणि गाडी उतरवू नये. स्लॅक ॲडजस्टर, म्हणजे ब्रेकची ढिलाई घेणारे दांडे, सगळ्या चाकांवर सारखे आहेत का पाहावं. ज्या गिअरमध्ये ही लोड गाडी तो घाट चढली असती तो, किंवा त्याच्याही खालचा, सपाटीवरच टाकावा. वेग चढल्यावर खालचा गिअर बसत नाही, आणि निसटला तर गाडी न्यूट्रलमध्येच अडकते. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाच्या धुराची वाट अडवून गाडी मंदावणारा ब्रेक, चालू ठेवावा. पॅडल सतत दाबून धरू नये. वेग ४० ला गेला की ठाम दाबून ३० वर आणावा आणि पूर्ण सोडावा.

न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून डिझेल वाचतं हा समज जुन्या पंपाच्या गाड्यांपासून चालत आला आहे. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू राहण्यापुरतं लागतं. इंजिन बंद केलं तर हवेचा कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक दाबाला टाकीतली हवा कमी होते आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं. जळका वास आला तर लगेच डाव्या बाजूला थांबून गिअर टाकावा, चाकाखाली ठोकळे लावावेत आणि ड्रम आपोआप थंड होऊ द्यावेत. तापल्या ड्रमावर पाणी ओतलं तर त्याला तडा जातो.

नव्या नोंदी

२०२१ पासून अपघातांची माहिती एकत्र ठेवणारी आयराड ही संगणकीय प्रणाली आली. आयआयटी मद्रास आणि एनआयसी (सरकारचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) यांनी ती उभारली, आणि सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पोलीस जागेवरून स्थान आणि फोटो भरतात. रस्ता आणि वाहन तपासणारी खाती आपापला भाग भरतात. १ एप्रिल २०२२ पासून न्यायाधिकरणाकडे पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत जायचा आहे. त्यात चालकाने स्वतः भरायचा नमुना क्रमांक ३ आहे, मुदत ३० दिवस. चालकाची बाजू त्याच्याच शब्दांत कागदावर यायची ही जागा आहे, आणि ती मोकळी सोडणं चालकाला महाग पडतं.

नव्या भारतीय न्याय संहितेतल्या कलम १०६(२) मध्ये, बेदरकार वाहन चालवून कुणाचा मृत्यू ओढवल्यावर न कळवता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती. जानेवारी २०२४ च्या चालकांच्या संपानंतर, १ जुलैला संहिता लागू करताना हे उपकलम वगळून ठेवलं गेलं. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ मात्र आधीपासून लागू आहे: जमावामुळे अशक्य नसेल तर जखमीला मदत द्यायची, आणि जागेवर पोलीस नसेल तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, कळवायचं; मदत देता आली नसेल तर त्याचं कारणही सांगायचं. सरळ ठाण्यात जाणाऱ्या चालकाला कायदा पळालेला मानत नाही.

नमुना भरताना 'ब्रेक लागले नाहीत' एवढं लिहून भागत नाही. गिअर कितवा होता, हवेचा काटा कुठे होता, उतारावर ब्रेक किती वेळ दाबलेला होता, वास किंवा धूर कधी आला, वाटेवर पहिलीच फेरी होती का, सूचना फलक कुठे दिसला, मालाचं वजन बिल्टीप्रमाणे (वाहतुकीच्या पावतीप्रमाणे) किती आणि वजनकाट्यावर किती, हे लिहावं. गाडी क्रेनने हलवण्याआधी गिअरचा दांडा, हवेचा काटा, सगळे ड्रम आणि मागचा रस्ता यांचे फोटो काढलेले असावेत, आणि ड्रम तपासताना ते थंड होते की गरम हे निरीक्षकाला लिहायला सांगावं.