'साभार परत' ते 'बावनकशी': लेखकाच्या पाठीवर पडलेल्या थापेची पार्श्वभूमी

'साभार परत.' मराठी लेखनव्यवहारातले हे सर्वांत सभ्य आणि सर्वांत बोचरे दोन शब्द. आभार मानता मानता दार लावून घेणारे. मासिकाला कविता पाठवताना स्वतःचाच पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट सोबत जोडण्याची पद्धत होती. आठवड्या-दोन आठवड्यांनी तेच पाकीट आपल्याच हस्ताक्षरात दारात येऊन पडले की आत काय आहे हे फोडण्याआधीच कळायचे.

त्याच पाकिटातून कधी तरी दोन ओळींचे पत्र निघायचे: कविता आवडली, आणखी पाठवा. त्या दोन ओळींवर माणसे दहा-दहा वर्षे लिहीत राहिली. मात्र ही दाद देण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि कोणाच्या वाट्याला ती आलीच नाही, हे पाहायचे तर जवळपास पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते.

गोष्ट सुरू होते पैशापासून, आणि तीही पुण्यात. पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. १८१८ साली राज्य गेले, तरी कंपनी सरकारचा अधिकारी एल्फिन्स्टन याने त्यासाठी वर्षाला पन्नास हजार रुपयांची तरतूद ठेवली. १८४९ साली लोकहितवादींसह काही सुधारक मंडळींनी मुंबई सरकारकडे अर्ज केला: या रकमेतला काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. सनातन्यांनी गहजब केला, पण पुढे 'दक्षिणा प्राइज कमिटी' उभी राहिली. नवे मराठी पुस्तक लिहिले तर सरकारी तिजोरीतून पैसे मिळू शकतात, ही कल्पना इथे रुजली. वृत्ती फारशी बदलली नाही. श्रावणातली ओंजळ वर्षभर पुढे करायची सोय झाली, इतकेच.

या कमिटीकडे १८५५ साली जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक पाठवले. कमिटीने ते नाकारले. का, ते फुल्यांनी पुढे 'गुलामगिरी'त लिहून ठेवले आहे: कमिटीतल्या भट सभासदांपुढे इतरांचे काही चालले नाही. ते नाटक छापून यायला शंभरावर वर्षे जावी लागली. पुढे १८८५च्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण न्यायमूर्ती रानड्यांनी धाडले, तेव्हा फुल्यांनी ते परत केले. नकार कळवणारे त्यांचे पत्र 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आले. ज्या सभेला आमची दुःखे ठाऊक नाहीत तिच्यात मिसळून आम्हाला काय मिळणार, असा त्याचा रोख. एरवी संपादक लेखकाला 'साभार परत' करतो. इथे लेखकाने सभेलाच केले, आणि त्यात 'साभार' फारसे नव्हते.

मुंबईत तोवर मासिकांचा जमाना सुरू झाला होता. १८६७ साली रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी 'विविधज्ञानविस्तार' काढले. पुस्तकाची नीट चिकित्सा करणारे परीक्षण छापून येणे हीदेखील एक दाद असते, हे अशा मासिकांनी शिकवले. मग १८९५ साली 'मनोरंजन' आले. संपादक काशीनाथ रघुनाथ आजगावकर. पण बंगालीच्या ओढीने त्यांनी मित्र हे आडनाव घेतले आणि त्याच नावाने ते ओळखले गेले. १९०९ साली त्यांनी पहिला दिवाळी अंक काढला. आज दिवाळी अंक म्हटले की आपल्याला फराळ आठवतो, पण लेखकाच्या दृष्टीने ती फार मोठी सोय होती. वर्षातून एकदा का होईना, कुणीतरी आपल्याकडे कथा मागते, वर मुदतही घालून देते. मागणी हीसुद्धा शाबासकीच असते, विशेषतः दिवाळी तोंडावर आलेली असताना तिसरे स्मरणपत्र येते तेव्हा.

केशवसुतांच्या नशिबी मात्र हे सुख बेताचेच आले. मुंबईत किरकोळ नोकऱ्या करत काही वर्षे काढलेल्या या कवीचा संग्रह त्याच्या हयातीत निघालाच नाही. १९०५ साली तो गेला. कविता एकत्र करून छापण्याचे काम नंतर हरि नारायण आपट्यांनी केले.

यानंतरचा मोठा टप्पा गिरगावातल्या खटाववाडीचा. मौज ही प्रकाशनसंस्था आणि तिचे 'सत्यकथा' मासिक यांचा तो पत्ता. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी संपादकाचे पत्र ही जवळजवळ स्वतंत्र कलाच करून टाकली. कथा स्वीकारली किंवा नाकारली एवढ्यावर भागत नसे. कुठला परिच्छेद लांबला आहे, शेवट कथेतून आला आहे की वरून चिकटवला आहे, हे लेखकाला लिहून कळवले जाई. कथा परत जाई, पुन्हा येई, पुन्हा जाई. नवख्याला यात अपमान वाटायचा आणि जुन्याला मान, कारण इतक्या बारकाईने आपले लिखाण वाचणारा दुसरा माणूस घरातही नसतो. मला विचाराल तर मराठीत लेखकाला मिळालेले सर्वांत मोलाचे प्रोत्साहन हे; त्यात कौतुकाचा शब्द बहुधा एखादाच असे.

याच गिरगावाच्या जगात बाबूराव अर्नाळकर हजाराहून अधिक रहस्यकथा लिहीत होते. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांची पुस्तके सर्क्युलेटिंग लायब्ररीत हातोहात जात. परीक्षण कोणी लिहिले नाही म्हणून त्यांचे काही अडले नाही. वाचनालयाच्या वहीत नंबर लावून थांबलेला वाचक, हीच त्यांची पावती.

बहिणाबाई चौधरींची गोष्ट मात्र चटका लावणारी. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी आणि घरच्यांनी टिपून ठेवल्या होत्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही भीत भीतच आचार्य अत्र्यांना दाखवली. हे बावनकशी सोने आहे आणि ते महाराष्ट्रापासून लपवून ठेवणे हा गुन्हा आहे, असे अत्रे उद्गारले आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आले. अत्र्यांचा आवाजच असा की एकदा ते म्हणाले की अख्ख्या महाराष्ट्राला ऐकू जाई. ज्या बाईने ऐकायला हवे होते, ती तेवढी नव्हती.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर ओंजळ पुन्हा सरकारची झाली. १९६० साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले. नवलेखकाला पहिले पुस्तक छापण्यासाठी अनुदान देण्याची मंडळाची योजना साधी, पण कामाची. अनेकांचे पहिले पुस्तक त्यामुळे निघाले. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून लिहिणाऱ्या अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा'ला १९६१ साली राज्य पुरस्कार मिळाला, तोही याच नव्या राज्यात. अण्णा भाऊंनी स्वतः ते पुस्तक बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केले होते. पुरस्काराने झोपडपट्टी सुटली नाही. आणि सरकारी शाबासकीला दोरी बांधलेली असते, ती ओढून घेता येते, हे डिसेंबर २०२२मध्ये सगळ्यांनी पाहिले: कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या तुरुंगातल्या आठवणींच्या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला पुरस्कार काही दिवसांतच रद्द झाला, निवड समितीही बरखास्त झाली. निषेध म्हणून मंडळाच्या काही सदस्यांनी राजीनामे दिले.

साठच्या दशकात खटाववाडीच्या दाराबाहेर गर्दी वाढत होती. त्या काटेकोर संपादनातून जे निसटत होते ते निसटतच राहणार, असे अनेक तरुणांना वाटू लागले. 'असो', 'फक्त', 'यरू' ही अनियतकालिके, म्हणजे ठरावीक वेळेचे बंधन नसलेली छोटी मासिके, निघाली, काही चक्क सायक्लोस्टाइल करून. राजा ढालेंनी 'सत्यकथेची सत्यकथा' लिहिली आणि मासिकाचा अंक जाळण्यापर्यंत मजल गेली. मला दोन्ही बाजू पटतात, हे कबूल करतो. बारकाईने वाचणारा संपादकही शेवटी आपल्याच कानाने ऐकतो, आणि त्या कानाला लालबाग-नायगावची बोली परकीच असेल तर पत्र कितीही सुंदर असून काय उपयोग? या मंडळींना शाबासकी मिळाली ती एकमेकांकडून: चहाच्या टेबलावर, सभेत, मोर्च्यात. दादरला १९५८ साली दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णा भाऊंनी त्याचे उद्घाटन केले, तेव्हाच ही दुसरी पंगत मांडली गेली होती.

सत्तरच्या दशकात मुंबईतच 'ग्रंथाली'ने वाचकालाच सभासद करून पुस्तके काढायला सुरुवात केली. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' हे आत्मकथन तिथून आले, पु. ल. देशपांड्यांनी त्यावर भरभरून लिहिले, आणि जे घरात बोलायचीही चोरी होती ते पार्ल्या-दादरच्या दिवाणखान्यांत वाचले जाऊ लागले. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडली.

पण 'बलुतं'च्या सहा वर्षे आधीची एक गोष्ट राहिली. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा' या कवितासंग्रहाची प्रस्तावना नाटककार विजय तेंडुलकरांनी लिहावी असे ठरले. तेंडुलकर तोवर नावाजलेले, मुंबईतलेच. तरी ढसाळांच्या कवितेतले कितीतरी शब्द त्यांना अडले. ते अडले हे त्यांनी लपवले नाही. ही वस्ती मला दाखव, असे त्यांनी कवीला सांगितले. मग ढसाळ त्यांना कामाठीपुऱ्याच्या त्या गल्ल्यांतून हिंडवत घेऊन गेले. प्रस्तावना त्यानंतर लिहिली गेली.