जुळणाऱ्या फाइली हलवणे (पायथन)

एखाद्या फोल्डरमधल्या निकषात बसणाऱ्या फाइली शोधून त्या पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या स्क्रिप्टने, म्हणजे छोट्या प्रोग्रामने, दुसऱ्या फोल्डरमध्ये नेण्याची पद्धत. कधी निकष नावाच्या साच्याचा असतो, जसे ‘बिल’ने सुरू होणाऱ्या सगळ्या पीडीएफ. कधी तो जोडीचा असतो: छायाचित्रकाराने निवडलेले जेपीजी फोटो एका फोल्डरमध्ये असतात आणि नेमक्या त्याच नावांच्या रॉ फाइली (कॅमेऱ्याने टिपलेल्या, प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइली) हजारोंच्या ढिगातून वेगळ्या काढायच्या असतात. हाताने करायला दिवस जाईल असे हे काम दहा-बारा ओळींत होते.

साच्यासाठी ‘ग्लॉब’ हे मोड्यूल, म्हणजे पायथनमधला तयार कोडचा संच, आहे. २०१४ साली पायथन ३.४ बरोबर ‘पाथलिब’ हे मोड्यूल आले आणि फाइलच्या नावातून एक्स्टेंशन (टिंबानंतरचा, प्रकार सांगणारा भाग) वगळून उरलेला भाग, म्हणजे ‘स्टेम’, सहज मिळू लागला. जोडी जुळवताना निवडलेल्या फोटोंच्या स्टेमचा आधी संच करून ठेवावा आणि प्रत्येक रॉ फाइलचे स्टेम त्यात आहे का, हे पाहावे. दुहेरी एक्स्टेंशन असेल तर मात्र स्टेम फक्त शेवटचे काढते.

दिसायला सारखी नावे संगणकाला सारखी वाटतातच असे नाही. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे लिनक्सवर वेगळी धरली जातात, विंडोजवर सहसा नाही. देवनागरी नावांत याहून बारीक अडचण येते. ‘दुसऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला संकेतांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत) एका संकेताने लिहिता येतो किंवा र आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी. डोळ्यांना फरक कळत नाही, पण तुलना फसते. म्हणून दोन्ही नावे ‘युनिकोडडेटा’ मोड्यूलमधल्या ‘नॉर्मलाइझ’ने एकाच रूपात आणून मगच ताडून पाहावीत.

प्रत्यक्ष हलवण्याचे काम ‘शूटिल’ मोड्यूलमधले ‘मूव्ह’ हे फंक्शन करते. जायचे ठिकाण त्याच फाइल सिस्टिमवर असेल तर फक्त पत्ता बदलतो, त्यामुळे मोठी फाइलही क्षणात सरकते. ठिकाण दुसऱ्या डिस्कवर असेल तर आधी प्रत बनते आणि मग मूळ फाइल पुसली जाते, म्हणून वेळ लागतो.

सर्वांत मोठा धोका याच फंक्शनमध्ये आहे आणि नवशिक्यांना तो आधीच सांगायला हवा. ‘निवडक’ नावाचे फोल्डर अस्तित्वातच नसताना फाइली ‘निवडक’कडे हलवल्या, तर पहिल्या फाइलचेच नाव ‘निवडक’ होते. दुसरी फाइल पहिलीवर लिहिली जाते, तिसरी दुसरीवर. शंभर फाइली पाठवल्या तरी शेवटी एकच उरते, आणि एकही एरर दिसत नाही. म्हणून एकेक फाइल हलवणाऱ्या लूपच्या आधी ‘एमकेडिर’ने फोल्डर तयार करणे अपरिहार्य आहे. फोल्डर असेल आणि त्यात त्याच नावाची फाइल आधीपासून असेल, तर ‘मूव्ह’ एरर देऊन थांबते. पण फाइलच्या नावासकट पूर्ण पत्ता दिला की ही राखण उरत नाही आणि जुनी फाइल पुसली जाऊ शकते.

अनुभवी प्रोग्रामर पहिल्या फेरीत काहीच हलवत नाहीत. ‘मूव्ह’च्या जागी पडद्यावर मजकूर दाखवणारे ‘प्रिंट’ ठेवून कोणती फाइल कुठे जाणार, याची यादी ते नजरेखालून घालतात.