अपत्याच्या पोटगीतील उत्पन्न

अपत्याची पोटगी ठरवताना पालकाची ऐपत मोजण्यासाठी धरली जाणारी मिळकत. भारतीय कायद्यात तिची नेमकी व्याख्या नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 125 आणि 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेले भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 ‘पुरेशी साधने’ एवढेच म्हणते. म्हणून कमावण्याची क्षमताही जमेस धरतात; नोकरी सोडल्याने धडधाकट पालकाची जबाबदारी सुटत नाही.

उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा द्यावा, या कल्पनेचे मूळ बहुधा इंग्लंडमधील चर्च न्यायालयांच्या प्रथेत असावे. भारतीय घटस्फोट अधिनियम, 1869 च्या कलम 36 मध्ये पत्नीच्या अंतरिम पोटगीला पतीच्या मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ उत्पन्नाच्या एक-पंचमांशाची कमाल मर्यादा होती. ती 2001 मध्ये वगळली गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या 1970 व 2017 च्या निकालांत पत्नीसाठी धरलेल्या पतीच्या उत्पन्नाच्या 25 टक्क्यांना काही जण दंडक मानतात. मुलाच्या बाबतीत आधी शाळा, औषधपाणी, निवारा यांचा खर्च मांडून मग ऐपतीकडे वळणे अधिक ग्राह्य वाटते.

वजावटीत मुख्य भेद सक्तीची की स्वेच्छेची, हा. समजा, एकूण पगार 60,000 रुपये. प्राप्तिकर 2,000, भविष्यनिर्वाह निधी 4,800, व्यवसाय कर 200. गणनेस 53,000 उरतात. त्यातून 25,000 चा कर्जहप्ता जाऊन पगारचिठ्ठीवर 28,000 दिसले, तरी हप्ता बहुधा वजा होत नाही. अन्यथा कर्ज काढून मुलाचा घास कमी करता येईल. विम्याचा हप्ता आणि निधीतील ऐच्छिक भर यांनाही हेच लागू. भाडे, व्याज, लाभांश, बोनस मिळकतीत येतात. धंद्यात केवळ विवरणपत्रातील नफा पाहणे फसवे ठरते: घसारा, म्हणजे यंत्रे-वाहनांच्या झिजेपोटी दाखवलेली वजावट, रोखीने जात नाही आणि घरखर्च दुकानाच्या खात्यातून भागवलेला असतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ (4 नोव्हेंबर 2020) निकालापासून दोन्ही पक्षांना मालमत्ता व दायित्वांचे शपथपत्र द्यावे लागते. शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. त्यात जमीन, पिके, जनावरे नोंदवायची असतात. सोबत सात-बारा जोडावा. तो मालकी व पीक दाखवतो, विक्रीची रक्कम नाही. त्यासाठी बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या लागतात.

आईचे उत्पन्नही मोजले जाते. ‘पद्मजा शर्मा’ प्रकरणात (2000) मुलांचा खर्च आईवडिलांच्या पगाराच्या प्रमाणात वाटला गेला. पुढे मिळकत बदलल्यास नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 146 खाली रक्कम कमीजास्त करून मागता येते.