बालवाचन, घरातील

शाळेत जाण्यापूर्वी आणि शाळेच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत घरातली मोठी माणसे मुलाला वाचायला शिकण्यात जी मदत करतात, ती प्रक्रिया. बोलायला मूल आपोआप शिकते. वाचायला मात्र शिकवावे लागते. लिपीचा शोध जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वीचा, त्यामुळे मेंदूत तिच्यासाठी जन्मजात केंद्र नाही. वस्तू ओळखणारा डाव्या बाजूचा एक भाग सरावाने अक्षरे ओळखू लागतो.

फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार वाचनातील आकलन म्हणजे लिपी उलगडण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार. एक बाजू शून्य असली की दुसरी कितीही भक्कम असून उपयोग नाही. शाळेचा बराच वेळ पहिल्या बाजूवर जातो. दुसरी मुख्यतः घरातल्या बोलण्यातून घडते, म्हणून घराचे काम अक्षरओळखीच्या कितीतरी आधी सुरू होते.

या कामाचा गाभा म्हणजे मोठ्याने वाचून दाखवणे. त्यातही मुलाला बोलते करणारे वाचन अधिक गुणकारी. मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये या संवादी वाचनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. चित्रात मांजर भिंतीवर बसले आहे. ‘मांजर कुठे आहे?’ असे विचारले तर मूल बोट दाखवून मोकळे होते. ‘ते तिथे का चढलं असेल?’ असे विचारले तर त्याला शब्द शोधावे लागतात. मूल नुसते ‘कुत्रं’ म्हणाले, तर ‘हो, कुत्रं मागे लागलं म्हणून घाबरून चढलं’ असे त्याचेच उत्तर वाढवून परत द्यावे. तेच पुस्तक पुन्हा मागितले तर कंटाळू नये. त्या फेऱ्यांतूनच शब्द पक्के होतात.

अक्षरांपूर्वी कान तयार व्हावा लागतो. यमके जुळवणे, शब्दातल्या प्रत्येक अक्षराला एक टाळी वाजवणे, ‘कमळ’ मधला ‘क’ काढला तर काय उरते हे सांगणे, असे खेळ त्यासाठी पुरतात. बाराखडी तालात म्हणता येणे हे वाचन नव्हे. मधलेच एखादे अक्षर दाखवल्यावर ते ओळखता आले पाहिजे. थोडी अक्षरे आली की लगेच त्यांचेच शब्द वाचायला द्यावेत. मूल ‘घ’, ‘र’ सुटे म्हणते, पण ‘घर’ म्हणताना शेवटचा अ गाळायचा असतो, हे ऐकूनच कळते. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी लिहितात आणि नंतर उच्चारतात, त्यामुळे ‘दिवा’ पाशी अडखळणे स्वाभाविक आहे. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतले च वेगळे आहेत, हेही तोंडानेच सांगावे लागते. जोडाक्षरांना सर्वांत जास्त वेळ लागतो; सर्व, प्रकार, राष्ट्र, तऱ्हा या शब्दांत एकटा ‘र’ चार रूपे घेतो.

रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेशी. मूल अडले की काही क्षण थांबावे, मग शब्द तोडून दाखवावा आणि पूर्ण वाक्य पुन्हा वाचू द्यावे. ‘चित्र बघ आणि सांग’ ही सवय मात्र लावू नये. अंदाज बरोबर आला तरी अक्षरे न वाचताच राहतात, आणि चित्रे संपली की तेच मूल अचानक मागे पडते. वाचता येऊ लागल्यावरही वाचून दाखवणे चालू ठेवावे, कारण मुलाला स्वतः वाचता येते त्याहून अवघड गोष्ट ऐकून समजते.

सहा-सात वर्षांपर्यंत अक्षर उलटे लिहिणे सर्रास आढळते. तेवढ्यावरून वाचन-अक्षमतेचा निष्कर्ष काढू नये. शिकवूनही अक्षर-ध्वनीची सांगड बसत नसेल, यमके कळत नसतील किंवा कुटुंबात कोणाला असा त्रास असेल, तर आधी ऐकणे व दृष्टी तपासून घ्यावी आणि तज्ज्ञांकडून चाचणी करावी. ‘मोठा झाला की येईल’ म्हणत वाट पाहण्यात मदतीचा सर्वांत उपयोगी काळ निघून जातो.